नंबर वाढतो म्हणजे नेमके काय वाढते?

शाळेची पहिली चाचणी झाली की कोल्हापूर भागातून मुलांच्या डोळ्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळची बहुतेक पत्रे उणे नंबराची, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याची आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी सात वर्षांची. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर दोन्ही डोळ्यांना -१.२५ नंबर निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं तर -०.५०. वर दोन दिवस पोरीला पुस्तक वाचता येईना. खरं कुणाचं धरायचं? (राजारामपुरी)

थेंब घालून निघालेला नंबर धरायचा. कॉम्प्युटरच्या त्या यंत्रावर हनुवटी टेकवली की आत एक सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो. फुगा लांब आहे असे वाटावे म्हणूनच ते चित्र असते. पण चित्र नाकासमोरच्या डब्यात आहे हे मुलाला कळते आणि त्याचा डोळा जवळ पाहायला लागतो. डोळ्यातला स्नायू आवळतो, आतले भिंग फुगीर होते आणि यंत्र त्या आवळलेल्या डोळ्याचा नंबर छापून देते. साठीच्या माणसाची अशी फसगत होत नाही, कारण त्याचे भिंग तोवर ताठर झालेले असते. सात वर्षांच्या मुलीत मात्र फरक पाऊण नंबराचा पडू शकतो, कधी त्याहून जास्त.

-१.२५ चा चष्मा दिला असता तर तुमच्या मुलीने बहुधा तक्रारही केली नसती, आणि अडचण तिथेच आहे. जास्तीचा पाऊण नंबर ती दिवसभर स्नायू आवळून भरून काढते. फळा स्वच्छ दिसतो, अभ्यासाला बसली की डोके दुखते, आणि चष्म्यावर कुणाचा संशय जात नाही.

थेंब वेगवेगळे असतात. सायक्लोपेंटोलेट १% पाच-दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घालतात आणि तपासणी त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने करतात. त्याचा असर साधारण एका दिवसात जातो. होमॅट्रोपिनचा असर एक ते तीन दिवस राहतो, तुमच्याकडे बहुधा तेच वापरले असावे. बाहुली मोठी झाली म्हणजे स्नायूही सैल झाला असे नसते. बाहुली आधी पसरते, स्नायू नंतर सुटतो. म्हणून दवाखान्यात बसवून ठेवले तर कंटाळू नका. फार लहान मूल असेल किंवा डोळा तिरळा असेल तर ॲट्रोपिन १% मलम घरी तीन दिवस लावायला देतात. ते खालची पापणी ओढून तांदळाच्या दाण्याएवढेच घालायचे, बाहेर आलेले पुसायचे, आपले हात धुवायचे. चेहरा लालबुंद झाला किंवा ताप आला तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

-०.५० ला लगेच चष्मा लागेलच असे नाही. वर्गातल्या तिच्या जागेवरून फळा वाचता येतो का, यावर ते ठरते. पण सात वर्षांच्या वयाला हा आकडा हलका समजू नका. या वयात थेंबांखाली नंबर अजून थोडा अधिक (प्लस) बाजूला, +०.५० च्या वर असायला हवा. ती शिल्लक संपून गाडी उण्यात आली आहे. दर सहा महिन्यांनी तपासा.

मुलगा नऊ वर्षांचा. दीड वर्षात -१.५० वरून -३.०० झाला. डॉक्टर रोज रात्री ॲट्रोपिनचे थेंब घालायला सांगतात. नंबर घालवणारं औषध आहे का हे? किती दिवस घालायचं? (शाहूपुरी, असेच प्रश्न कागल आणि जयसिंगपूरहून)

घालवणारे नाही, आणि तसे औषधच नाही. हे वाढ मंदावणारे औषध आहे. वाढ कशाची, हे समजले की बाकीचे सोपे जाते.

जन्मताना बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा २३-२४. वाढता वाढता तो जिथे थांबायला हवा तिथे थांबला नाही, की प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एकवटायच्या ऐवजी पडद्याच्या अलीकडे एकवटतो. लांबचे अंधूक दिसते ते यामुळे. डोळा एक मिलिमीटर जादा लांबला की सुमारे अडीच नंबर चढतो. चष्मा प्रकाश मागे ढकलून पडद्यावर आणतो. लांबी आहे तेवढीच राहते. आणि डोळा लांबतो तसा आतला पडदा ताणून पातळ होतो. -६ च्या पुढे गेलेल्यांना उतारवयात पडदा सुटणे, काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाची झीज यांचा धोका जास्त असतो. म्हणून ‘चष्मा लागला, आता दिसतंय ना’ एवढ्यावर थांबता येत नाही.

ही लांबी मोजता येते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आजोबांच्या डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला जे बायोमीटर यंत्र असते, त्यातच मुलाची लांबी निघते. त्यामुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होणाऱ्या बहुतेक दवाखान्यांत विचारून पाहायला हरकत नाही. डोळ्याला न टेकता प्रकाशाने मोजणारे यंत्र असेल तर उत्तम. टेकवून मोजताना डोळा किंचित दबला तरी आकडा बदलतो, आणि आपल्याला पाहायचा असतो तो वर्षातला दशांश मिलिमीटरांचा फरक. शक्यतो दर वेळी त्याच यंत्रावर मोजा. नवव्या-दहाव्या वर्षी नंबर नसलेला डोळाही वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतो. ०.३ किंवा त्याहून जास्त वाढत असेल तर वेग आवरायला हवा. तुमच्या मुलाचा वर्षाला एक नंबर चढतोय, म्हणजे डॉक्टरांचे बरोबर आहे.

थेंब ०.०१%, ०.०२५% आणि ०.०५% अशा ताकदींचे असतात. हाँगकाँगमध्ये या तिन्हींची तुलना झाली, तिचे पहिले निकाल २०१९ मध्ये आले. सर्वांत जास्त उपयोग ०.०५% चा दिसला. आपल्याकडे ०.०१% ने सुरुवात करण्याची पद्धत आहे. देशातल्या एका चाचणीत त्याचा गुण दिसला, अमेरिकेतल्या २०२३ च्या चाचणीत मात्र नुसत्या पाण्यासारख्या थेंबांपेक्षा फरक आढळला नाही. म्हणून सहा महिन्यांनी वेग तसाच असेल तर ‘ताकद वाढवायची का?’ हे स्वतःहून विचारा. ताकद वाढली की उन्हात डोळे दिपणे आणि जवळचे किंचित अंधूक दिसणे वाढू शकते.

घालायची रीत: झोपताना एक थेंब, मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने एक मिनिट दाब. नाहीतर औषध नळीवाटे नाकात, घशात उतरते. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहा आणि एक महिन्याने उरलेली टाकून द्या. औषध साधारण दोन वर्षे तरी चालते आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू करतात. एकदम सोडले तर दबून राहिलेला नंबर उसळी मारतो, लहान वयात आणि जास्त ताकदीला विशेषच.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. मेडिकलमध्ये ‘ॲट्रोपिन’ मागितले आणि ०.०१ च्या ऐवजी १% ची बाटली हातात पडली, तर ती शंभर पट कडक असते. नाव तेच, बाटलीही दिसायला तशीच. रोज घातली तर बाहुल्या ताटासारख्या होतात, वाचता येत नाही, तोंड कोरडे पडते, छाती धडधडते, अंग तापते. काउंटरवरून हलण्याआधी टक्केवारी वाचा, दशांश चिन्हासकट.

सासूबाई म्हणतात, चष्मा सतत घातला की डोळे आळशी होतात आणि नंबर वाढतो. गाजर आणि भिजवलेले बदाम सुरू केलेत. दुकानदारानेही ‘अर्धा नंबर कमीच देऊया’ म्हटलंय. (मंगळवार पेठ)

गाजर-बदाम खुशाल द्या, पोटाला बरे. नंबराशी त्यांचा संबंध नाही. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येतो, डोळ्याची लांबी त्याने ठरत नाही.

कमी नंबर देण्याची युक्ती जुनी आहे आणि उलटी पडते. मलेशियात मुलांच्या एका गटाला मुद्दाम सुमारे पाऊण नंबर कमी दिला होता. त्यांचा नंबर पूर्ण चष्मा घालणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने वाढला (हा अभ्यास २००२ साली छापून आला). पूर्ण नंबरचा चष्मा घ्या. सासूबाईंना जे दिसते तेही खोटे नाही: चष्मा लागतो त्या वयात डोळा तसाही वाढत असतो, म्हणून चष्म्यानंतर नंबर चढलेला दिसतो. चष्मा घातला नसता तरी तो चढलाच असता.

इचलकरंजीतल्या चष्मेवाल्यांनी ‘नंबर वाढू न देणाऱ्या’ लेन्स सुचवल्या. साध्या चष्म्याच्या कितीतरी पट महाग. फसवणूक तर नाही?

फसवणूक नाही, पण ‘वाढू न देणाऱ्या’ हे म्हणणे जरा जास्त झाले. वाढ कमी करणाऱ्या म्हणा. हाँगकाँगमध्ये अशा एका लेन्सची दोन वर्षे चाचणी झाली. साध्या चष्म्याच्या तुलनेत नंबराची वाढ सरासरीने निम्म्यावर आली. सरासरीने म्हणजे काही मुलांत खूप फरक, काहींत जेमतेम.

लेन्स हातात घेऊन ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधला सुमारे ९ मिलिमीटरचा गोल अगदी साधा, स्वच्छ. त्याच्या भोवती मधाच्या पोळ्यासारखे शेकडो बारीक ठिपके चमकतील. दुसऱ्या एका प्रकारात हे ठिपके एकात एक ११ वर्तुळांत मांडलेले असतात. मधून मूल फळा वाचते. कडेचे ठिपके थोडा प्रकाश पडद्याच्या अलीकडे टाकतात, आणि ‘आता मागे वाढू नको’ असा इशारा डोळ्याला मिळतो, असे त्यामागचे शास्त्र आहे.

आता पैसे वाया कुठे जातात ते पाहा. मधला साधा गोल बरोबर बाहुलीसमोर यायला हवा. त्यासाठी आधी फ्रेम निवडायची, नाकावर नीट बसवायची, आणि मग मुलाच्या नाकावर असतानाच काचेवर प्रत्येक बाहुलीची खूण करून घ्यायची. दोन बाहुल्यांमधले अंतर नुसते पट्टीने मोजून ऑर्डर दिली तर उंची चुकते. नंतर फ्रेम घसरू लागली की सगळे मोजमाप वाया. म्हणून मोठ्या माणसांची छोटी फ्रेम घेऊ नका. मुलांच्या नाकाचा दांडा बसका असतो, तिथे सिलिकॉनची गादी आणि कानामागे वळणारी काडी हवी. हसल्यावर फ्रेम गालांनी उचलली जात असेल तर ती मोठी आहे. खूण केलेली फ्रेम आणि लेन्स बसवलेली फ्रेम एकच हवी, ‘तसलीच दुसरी’ चालत नाही.

दुसरी अट वेळेची. या लेन्स दिवसाचे बारा तास तरी डोळ्यावर हव्यात. फक्त शाळेत घालणार असाल तर साधा चष्मा घ्या. पहिले काही दिवस कडेचे धूसर वाटते, जिना उतरताना सांभाळा. पुसायला शर्टाचे टोक वापरू नका: आधी नळाखाली धूळ घालवा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग मऊ कापड. महाग काचेवर सर्वांत जास्त ओरखडे धूळ कोरडी घासल्याने पडतात.

निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्लू कट’ काचेचा आग्रह झाला तर नाही म्हणा. त्याने नंबर थांबत नाही.

मुलगा अकरा वर्षांचा, -२.२५. तालमीच्या पोरांत फुटबॉल खेळतो. चष्मा लावून हेडिंग करायचं कसं? बंद करावं का खेळणं? (शिवाजी पेठ)

कोल्हापुरात पोराचा फुटबॉल बंद करायला कोण सांगणार! उलट उजेडात दोन तास मैदानावर आहे हेच चांगले. -२.२५ मध्ये खेळापुरता चष्मा काढून ठेवला तर काही नंबर वाढत नाही. फक्त लांबचा चेंडू उशिरा दिसेल. कायम खेळणार असेल तर पॉलिकार्बोनेट लेन्सचा, मागे पट्टा असलेला स्पोर्ट्स चष्मा नंबराचा करून घ्या. फुटबॉलच्या चौथ्या नियमात असा धोका नसलेला चष्मा चालतो. घरचा धातूच्या फ्रेमचा चष्मा घालून हेडिंग अजिबात नको. आणि -६ च्या पुढच्या मुलांनी अशा खेळाआधी बाहुली पसरवून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

रोज दोन तास बाहेर, असं सगळे सांगतात. शाळा, ट्यूशन, त्यात जून ते सप्टेंबर आपला पाऊस. जमवायचं कसं? आणि घरात मोठे दिवे लावले तर? (कसबा बावडा)

या अंकातले सर्वांत स्वस्त औषध हेच, आणि बिनखर्ची सल्ला म्हणून सर्वांत आधी विसरले जाणारेही हेच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेच्या वेळात रोज फक्त ४० मिनिटे जादा मैदानावर नेले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने नंबर लागणारी मुले ३९.५% वरून ३०.४% वर आली (२०१५). दिल्लीच्या शाळांतही आठवड्याला १४ तासांपेक्षा जास्त बाहेर असणाऱ्या मुलांत नंबर कमी आढळला.

मुद्दा व्यायामाचा नाही, उजेडाचा आहे. वर्गात किंवा घरात प्रकाश ३००-५०० लक्स असतो. उन्हात तो ५० हजारांच्या वर जातो. ढगाळ दुपारीही बाहेर काही हजार लक्स असतातच. म्हणजे घरात चार ट्यूब जादा लावून त्याची भरपाई होत नाही. टोपी घातली, झाडाखाली बसले तरी चालते. सूर्याकडे मात्र बघायचे नाही.

दोन तास एकदम नकोत, तुकडे जोडा. शाळेत चालत किंवा सायकलने: वीस मिनिटे. मधल्या सुट्टीतला डबा वर्गात न खाता मैदानावर: अर्धा तास. ट्यूशन अंधार पडल्यावरची घ्या आणि पाच ते सहा मोकळे सोडा, बहुतेक घरांत नेमका तोच तास ट्यूशनने खाल्लेला असतो. रविवारी रंकाळा किंवा पन्हाळा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की सोडा. रेनकोट घालून गल्लीत भिजला तरी डोळ्याचे काम होतेच. आई-वडील दोघांनाही उणा नंबर असेल तर हे पहिली-दुसरीपासूनच सुरू करा. बाहेर राहण्याचा मोठा फायदा नंबर लागण्याआधी होतो. लागलेल्या नंबराचा वेग त्याने थोडाच कमी होतो.

जवळच्या कामाचे मोजमाप मुलाच्या हातातच आहे. मूठ गालाला लावली की कोपर जिथे येते, पुस्तक त्याच्या अलीकडे येता कामा नये. अंथरुणात पालथे पडून मोबाइल पाहताना हे अंतर निम्म्यावर येते. अर्ध्या तासाने उठून खिडकीबाहेर लांबचे पाहायला लावा.

आठव्या वर्षी शाळेच्या तपासणीत कळलं: उजव्या डोळ्याला नंबर नाही, डाव्याला -४.५०. चष्म्यानेही डावा पूर्ण दिसत नाही. इतकी वर्षं आम्हाला कळलं कसं नाही? (गडहिंग्लज)

कारण एक डोळा चांगला असला की मूल कधीच तक्रार करत नाही. अंधूक डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. पूर्ण नंबरचा चष्मा कायम, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. प्रमाण डॉक्टर ठरवतील, मध्यम कमजोरीला रोज दोन तास, जास्त असेल तर सहा. पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, त्वचेवर चिकटणारी हवी, नाहीतर मूल फटीतून पाहते. आठवे वर्ष म्हणजे उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.

इतर पालकांसाठी: चौथ्या वर्षापासून घरीच पाहा. भिंतीवरचे कॅलेंडर दहा फुटांवरून, एकेक डोळा तळहाताने झाकून. बोटांनी झाकू नका, फटी राहतात. एका डोळ्याने तारीख सांगता आली नाही, तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहायला लावा. स्पष्ट झाले तर बहुधा नंबराचा दोष. नाही झाले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. पैशांची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेत्रविभाग आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात. त्या दिवशी मुलाची दांडी होऊ देऊ नका.

अठरा झाली की लेझर करून टाकू. मग आत्ता एवढी कटकट कशाला? (पत्त्याशिवाय)

लेझर डोळ्याच्या पुढच्या काचेला आकार देते. लांबलेला डोळा लांबच राहतो, पातळ झालेला पडदा पातळच. चष्मा गेलेल्या -८ च्या माणसालाही डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा पडदा ओढल्यासारखे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

तपासणी कधी कधी करायची? थेंब घातले की शाळा बुडते. (राजारामपुरी, शिवाजी पेठ आणि आणखी बरेच)

वर्षातून दोनदा, दोन्ही सुट्टीत. मे महिन्यात एकदा, म्हणजे जूनला नवा चष्मा डोळ्यावर असतो. दुसरी तपासणी सहामाही परीक्षा संपल्यावर दिवाळीच्या सुट्टीत. थेंब घातल्यावर एक ते तीन दिवस वाचन जमत नाही आणि ऊन सोसत नाही, म्हणून नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी नको. भाऊबीज उरकून न्या. जाताना जुना चष्मा, मागचे सगळे नंबरचे कागद आणि लांबी मोजली असेल तर तो कागदही न्या. निघण्याआधी त्यावर तारीख आहे का ते बघा, बहुतेक कागदांवर ती नसते.